काटा शून्यावर आला ती दुपार

२३ नोव्हेंबर २०२२. मोल्दोव्हाची राजधानी किशिनाऊ इथल्या एका ११०/१० केव्ही (म्हणजे हजार व्होल्ट) सबस्टेशनात मी रिले टेस्टिंगच्या कामावर होतो. रिले म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला, म्हणजे मोठ्या स्विचला, सप्लाय तोडायला लावणारं उपकरण. दुपारी व्होल्टमीटरचा काटा आधी थोडा खाली सरकला आणि मग थेट शून्यावर आला. आमचा एकही ब्रेकर ट्रिप झाला नव्हता, कुठल्याच रिलेचा फ्लॅग (बिघाडाची खूण) पडला नव्हता. सप्लाय वरूनच गेला होता.

क्षेपणास्त्रं पडली होती युक्रेनच्या वीजयंत्रणेवर. मोल्दोव्हाच्या १९९४च्या राज्यघटनेत कलम ११ मध्ये कायमची तटस्थता आहे, पण तारा सोव्हिएत काळातल्या. रुमानियाची ४०० केव्ही लाइन व्हल्कानेश्तमार्गे नीस्टर नदीपलीकडच्या कुचुर्गान वीजकेंद्रात जाते आणि तिथून ३३० केव्हीवर किशिनाऊला येते. त्यात १६ मार्चपासून युक्रेन आणि मोल्दोव्हा एकत्रच युरोपच्या ग्रिडला जोडलेले. तिकडे हादरा बसला की इकडची लाइन सुटते. १५ नोव्हेंबरलाही ती अशीच सुटली होती. या वेळी निम्म्याहून जास्त देश अंधारात गेला.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे १० केव्हीचे सगळे फीडर, म्हणजे वस्त्यांकडे जाणाऱ्या लाइन, हाताने उघडायचे, म्हणजे तोडायचे. ते जोडलेलेच राहिले, तर वीज परतताच गारठलेल्या घरांतले हीटर, फ्रिज, पंप एकदम लोड घेतात. तो नेहमीच्या दुपटीवर जाऊ शकतो, आणि इनकमर, म्हणजे सबस्टेशनात वीज आणणारा मुख्य ब्रेकर, जास्त करंटमुळे पुन्हा पडतो.

मग ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे बाहेर जाणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची पायरी. व्होल्टेज घसरत असताना ऑटोमॅटिकने तो वर चढवून ठेवलेला असतो. लोड नसताना लाइनमध्ये वीज आली की व्होल्टेज उलट जास्त येतं. टॅप फिरवणाऱ्या मोटरला सप्लाय नाही, म्हणून हँडल लावून हातानेच टॅप उतरवला.

खरी काळजी ब्रेकर आणि रिले चालवणाऱ्या बॅटरीची होती. २२० व्होल्ट डीसी, १०८ सेल. इथल्या जुन्या ब्रेकरला स्प्रिंग नाही, सोलेनॉइड (विजेवर ओढ देणारी कॉइल) आहे. ब्रेकर एकदा जोडायला तो शंभरेक अँपिअर ओढतो. चार्जर बंद, त्यात दोन सेल कमजोर. हे आधीच तपासायला हवं होतं, आणि ती चूक माझी. बॅटरीचं व्होल्टेज खाली गेलं की सोलेनॉइड अर्ध्यात अडकतो, कॉइल जळते. म्हणून संरक्षणाचे रिले आणि डिस्पॅचरचा (ग्रिडच्या नियंत्रण कक्षाचा) फोन एवढंच डीसीवर ठेवून बाकी सगळं तोडलं, दिवेसुद्धा. बॅटरीच्या खोलीत टॉर्चच्या उजेडात एकेका सेलवर मीटर लावत गेलो.

डिस्पॅचरची परवानगी आल्यावर आधी फक्त इनकमर घेतला. तो खणकन बसला. सबस्टेशनला स्वतःची वीज देणारा स्टेशन ट्रान्सफॉर्मर चालू झाला, चार्जर गुणगुणला, मग फीडर. आधी हॉस्पिटल, मग पाण्याचे पंप, मग ट्रॉलीबसला डीसी देणारा रेक्टिफायर, शेवटी वस्त्या. प्रत्येकानंतर अँमीटरचा काटा उसळून परत उतरेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही. वस्तीच्या एका फीडरला तो उतरेचना. तो फीडर परत उघडला, लांबचा अर्धा भाग वेगळा करून पुन्हा घेतला.

ते दोन सेल दुसऱ्या दिवशी सकाळी बदलले.