जनरेटर सुरू असताना झालेला अभ्यास

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी विद्यार्थी समुपदेशक म्हणून काम करतो. गेल्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या रेक्टरसरांनी दुसऱ्या वर्षातील एका मुलाला माझ्याकडे पाठवले. त्याला एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्याची अडचण, असल्याचे निदान पूर्वीच झालेले होते. (हे मी त्याच्या संमतीने लिहीत आहे.) गोंगाटात अभ्यास होत नाही अशी त्याची तक्रार होती, मोबाइलवर मोजले तर पन्नास डेसिबलही भरत नाहीत, मग गोंगाट कुठला, असा रेक्टरसरांचा सवाल होता.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि लक्ष उडाले की कारण वहीत टिपायला त्याला सांगितले. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालू होता, मेसमध्ये ताटे आपटत होती, डोक्यावरचा पंखा खडखडत होता. यांपैकी काहीच वहीत उतरले नाही. उतरली ती शेजारच्या खोलीतील मुलाची फोनवरची कुजबुज. ‘अगं, पण तू तिला सांगितलंस का?’ एवढेच भिंतीपलीकडून ऐकू आले आणि याचे पेन थांबले. पलीकडून काय उत्तर आले असेल, याचाच विचार आपण बराच वेळ करत होतो, असे त्याने नंतर ओशाळून सांगितले. थोड्या वेळाने वीज गेली, खिडकीखालचा जनरेटर धडधडू लागला आणि त्या आवाजात या पठ्ठ्याने थर्मोडायनॅमिक्सचे रखडलेले गणित जागेवरून न उठता सोडवले.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण ती आवाजाच्या तीव्रतेपुरती असते, त्यातल्या अर्थाला ती लागू होत नाही. अर्धवट कानावर पडणारे, समजणारे बोलणे वाचनाच्या आड येते, तर एकसुरी आवाज ते बोलणे झाकून टाकतो. एडीएचडी असलेल्या मुलांची कामगिरी सलग, एकसुरी आवाजात सुधारते आणि इतरांची घसरते, असे स्वीडनमधील संशोधकांना 2007 मध्ये एका प्रयोगात आढळले होते. हा लाभ माफकच असतो आणि प्रत्येकाला होतोच असे नाही, तरीही रेक्टरसर देऊ करत असलेल्या कोपऱ्यातील शांत खोलीचा मी आग्रह धरला नाही. तशा शांततेत दूरची कुजबुज अधिकच स्पष्ट ऐकू आली असती.

आणखी एक गोष्ट त्याच्याशी बोलताना निघाली. तो मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरील औषधाची कमी वेळ टिकणारी गोळी फक्त सकाळी घेत होता आणि तिचा परिणाम साधारण चार तासांत ओसरतो. म्हणजे वसतिगृह सर्वाधिक गजबजते त्या वेळी त्याला औषधाचा आधारच नसे. मात्रा ठरवणे माझ्या अधिकारात नाही, म्हणून मनोविकारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहून दिली.

रेक्टरसरांनी रात्रीच्या जेवणानंतर फोनवर बोलण्यासाठी गच्चीचा जिना ठरवून दिला. खोलीत स्पीकरवर पावसाचा आवाज लावण्याची या मुलाची कल्पना मात्र त्याच्या रूममेटने पहिल्याच रात्री हाणून पाडली, आणि त्याचेही काही चुकले नाही. आता तो हेडफोन वापरतो. प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबलपर्यंतचे ऐकणे जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित मानते, आणि झाकण्यापुरता आवाज त्याहून बराच कमी पुरतो, म्हणून फोनमधील आवाजाची मर्यादा आम्ही दोघांनी मिळून खाली आणून ठेवली.