शेवटून पहिला: हंगामाची नोंदवही

मागच्या हंगामात मी पैसे भरून ट्रेकला जायचो. यंदा फी माफ झाली, पण जागा ठरून मिळाली: सगळ्यांच्या मागे. आमच्या ग्रुपात या माणसाला ‘स्वीप’ म्हणतात. आई सरळ ‘शेपूट’ म्हणते. लीडर पुढे, गावातला वाटाड्या त्याच्या सोबत, आणि शेवटच्या माणसाच्याही मागे मी. पाठीवर प्रथमोपचाराची पिशवी, एक जास्तीची दोरी, दोन लिटर जादा पाणी आणि गळ्यात शिट्टी. शाळेत शेवटून पहिला यायचो, इथेही तेच.

सप्टेंबर, लळिंग

धुळेकरांची तालीम म्हणजे लळिंग. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, घरापासून जेमतेम दहा किलोमीटर. आठ किलोची सॅक घेऊन सहा रविवार चढलो. पहिल्यांदा वर पोहोचायला ५० मिनिटं लागली, सहाव्या वेळी ३९. मोठ्या ऐटीत लीडरला वही दाखवली. त्याने एकच विचारलं, “आणि उतरायला?” उतरायचा वेळ मी लिहिलाच नव्हता.

पुढचे चार रविवार फक्त उतार. तेव्हा कळलं की मी उतरत नव्हतो, घसरत होतो, आणि नशीब बरं म्हणून खाली पोहोचत होतो. पावसाळा सरला की आपल्याकडच्या डोंगरावर मुरमाचा घसारा तयार होतो, वर वाळलेलं गवत, म्हणजे पायाखाली ज्वारीचे दाणे सांडल्यासारखं. टाच रोवून मागे रेलायचं ही माझी जन्माची खोड, आणि घसाऱ्यावर नेमकं तेच घात करतं. वजन पायावर ठेवायचं, गुडघा थोडा वाकलेला, पावलं लहान, तीव्र उतारावर अंग आडवं. मांडीचा पुढचा स्नायू उतरताना ताणत ताणतच वजन झेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कठडा धरतो. चौथ्या रविवारनंतर कठडा सुटला. वेळ मात्र वाढला, ३१ वरून ३६ मिनिटं. ही प्रगती आहे असं लीडर म्हणाला. मला पटायला दिवाळी उजाडावी लागली.

कुसळांबद्दल वेगळं लिहायला हवं, पण ते लिहिण्यासारख्या भाषेत होणार नाही. गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं कापडी आवरण, घ्या.

दिवाळी, अस्तंबा

धनत्रयोदशीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याची यात्रा असते. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा सातपुड्यात फिरतो, वाटसरूंकडे तेल मागतो, ही इथली श्रद्धा. शिखर तेराशे मीटरच्या वर. लोक रात्री चालतात, कित्येक जण अनवाणी. आपण बूट, हेडटॉर्च, काठी असा संसार घेऊन चाललेलो असतो आणि बाजूने पावरा आदिवासी घरातली एखादी आजी डोक्यावर गाठोडं घेऊन सहज पुढे निघून जाते. ट्रेकिंगचा माज उतरवायचा असेल तर ही वाट बरी.

इथेच मी चुकलो. शेवटचं जोडपं फारच हळू होतं. रात्रीचे दोन वाजलेले, थंडी, मला झोप अनावर. ‘फक्त पुढच्या वळणापर्यंत’ म्हणत मी त्यांच्या पुढे निघालो आणि एका दगडावर बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोणी येईना. वाट फुटते तिथे ते दुसऱ्याच घोळक्यामागे वळले होते. शिट्टी मारली तर उत्तर चारी बाजूंनी! यात्रेत शिट्ट्या काय कमी असतात? २५ मिनिटांनी एका चहाच्या पालाखाली सापडले, निवांत. मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेले शिंदखेड्याकडचे एक बाबा म्हणाले, “काबर रे भो, इतली घाई कसानी? डोंगर काय पळी जास का?”

जोडपं हसलं. मला हसू आलं नाही. लीडर काही बोलला नाही, फक्त शिधा वाटताना माझ्या हातात दशमी ठेवून म्हणाला, “मागचा माणूस पुढे गेला की मागे कोणीच उरत नाही.” वहीत त्या रात्रीचं एवढंच वाक्य आहे. तेव्हापासून नियम: फाटा आला की मी फाट्यावर उभा, शेवटचा माणूस बरोबर वाटेला लागेपर्यंत. लघवीला कोणी थांबलं तरी मी थांबतो, पाठ करून.

डिसेंबर, दोर

शहराजवळच्या एका पंचवीस-तीस फुटी कातळावर दोराचे धडे. आपला दगड बेसाल्ट, ऊन-पावसाने तडकलेला. खोबण कितीही छान दिसली तरी आधी बोटाच्या पेराने ठोकायची. बद्द आवाज आला तर ती खोबण नाही, सैल दात आहे. फिगर ऑफ एट गाठ मी घरी पलंगाच्या पायाला बांधून शिकलो, अंधारात, हातमोजे घालून. बिले करताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळताना, दोर रोखणारा खालचा (ब्रेकचा) हात दोरावरून सुटता कामा नये. माझा दोनदा सुटला, दोन्ही वेळा नाक खाजवायला. प्रशिक्षकाने तिसऱ्यांदा सांगितलं नाही, दोराला बांधलेली सॅक वरून सोडली. माझा हात आपोआप बंद झाला.

पूर्वी एका संस्थेबरोबर रॅपलिंगला गेलो होतो, तिथे चाळीस माणसांना सहा हेल्मेट होती. वरचा माणूस उतरला की तेच हेल्मेट घामासकट पुढच्याच्या डोक्यावर, आणि खाली रांगेत उभे असलेले उघड्या बोडक्याने. दगड तर रांगेवरच पडतात. तेव्हा मला ती मौज वाटली होती. आता पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारतो: हेल्मेट किती, आणि मागे कोण चालणार.

जानेवारी, साल्हेर

उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, कळसूबाईनंतरचं दुसरं शिखर. त्याचा बागलाण तालुका कागदोपत्री नाशिक जिल्ह्यात, पण बोली आमचीच, म्हणून साल्हेर आम्ही घरचाच धरतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. आमची सोळा जणांची बॅच दोन दिवसांत भरली.

धुळे, साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करत पहाटे वाघांबे. तिथून साल्हेर-सालोट्यामधल्या खिंडीपर्यंतचा चढ घाम काढतो. खिंडीतून कातळात कोरलेल्या पायऱ्या, दरवाजे, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट, एका हाताला गुहा आणि दुसऱ्या हाताला हवा. माझ्या पुढे जळगावच्या निवृत्त शिक्षिका, वय ६१. खिंडीतच त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. मीठ-साखरेचं पाणी, पाय ताणून देणं, दहा मिनिटं बसणं. त्या सारख्या म्हणत होत्या, “तू जा रे पुढे, मी येते.” मी म्हटलं, “काकू, मला पुढे जायची परवानगीच नाही.” मग त्यांनी पिशवीतून ठेचा-भाकरी काढली. तो दुपारचा डबा होता, सकाळी साडेनवालाच संपला.

गंगासागर तळ्यापाशी आम्ही बाकीच्यांपेक्षा ४० मिनिटं उशिरा पोहोचलो. परशुरामाच्या मंदिराकडची शेवटची चढण काकूंनी स्वतःच नको म्हटलं. त्यामुळे मीही माथ्यावर गेलो नाही. तळ्याकाठी बसून समोरच्या डोंगररांगेतली शिखरं ओळखायचा खेळ केला. मांगी-तुंगी मला लगेच ओळखता आलं. हरगड मी मुल्हेर म्हणून सांगितला, काकूंनी दुरुस्त केला. भूगोलाच्या शिक्षिका.

उतरताना मात्र लळिंग कामाला आलं. पायऱ्यांवर मी त्यांच्या एक पायरी खाली, पाठ दरीकडे, तोंड त्यांच्याकडे. पाय कुठे ठेवायचा ते बोलायचं, हात धरायचा नाही. हात धरला तर दोघांचा तोल एकाच्या चुकीवर जातो. खाली यायला तीन तास दहा मिनिटं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून अख्खं वाघांबे जागं केलं होतं, भर दुपारी.

थोडक्यात हिशोब: सहा ट्रेक, दोन माथे हुकले, एकदा माणसं हरवली, शून्य जखमा (माझी नखं सोडून). मार्चपासून ऊन वाढेल, तेव्हा कण्हेरगड फेब्रुवारीतच उरकायचा. पायथ्याच्या पाटणादेवीला पहाटे पोहोचलो तर दहाच्या आत खाली.

प्रुसिकच्या गाठींनी (मुख्य दोरावर बारीक दोरीचे वेढे, वजन आलं की आवळतात, सैल केले की सरकतात) दोरावरून स्वतः वर चढणं अजून जमत नाही. परवा दहा फुटांना अकरा मिनिटं लागली, आणि नवव्या मिनिटाला वरची गाठ अशी आवळली की मला उतरवायला शिडी आणावी लागली. कोणाकडे या गाठींसाठी पाच आणि सहा मिलिमीटर जाडीची दोरी दोन्ही वापरल्याचा अनुभव असेल तर सांगा.