अण्णांची वही

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टर्निंगचे पार्ट बनवणारा एक कारखाना. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं, क्यूआर कोडवालं बिल) सक्तीचं झालं, तेव्हा शेठ म्हणाले, "बिलासाठी सॉफ्टवेअर घ्यायचंच आहे, तर सगळं ईआरपीच टाका." ईआरपी म्हणजे खरेदी, स्टॉक, प्रॉडक्शन, बिलं, सगळं एकाच सिस्टिममध्ये. नारळ फुटला, पेढे वाटले, शेठचं भाषणही झालं.

चार महिन्यांनी अवस्था अशी: क्यूआर कोडवाली बिलं तेवढी सिस्टिममधून निघत होती, बाकी कारभार स्टोअरच्या अण्णांच्या वहीत. सिस्टिम बसवायचं काम माझ्याकडे होतं, ट्रेनिंगही मी तीनदा दिलं होतं. खरं सांगतो, मनातल्या मनात सगळा दोष मी अण्णांच्या वयाला देऊन मोकळा झालो होतो.

त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या शेजारीच बसलो. फोन वाजला. "अण्णा, बत्तीसचा रॉड किती आहे?" बत्तीस म्हणजे 32 मिलिमीटर व्यासाचा. अण्णांनी वही उघडली, आकडा सांगितला. थोड्या वेळाने पुन्हा फोन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात झाले, सातही शेठचे.

"सर," अण्णा डबा उघडता उघडता म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरला कोणी काही विचारतंय का? विचारतात मला. मग मी दोनदा कशाला लिहू?"

मी तसाच केबिनमध्ये गेलो आणि हे जसंच्या तसं शेठना सांगितलं. जरा घाबरतच, बिल अजून निम्मं यायचं होतं. शेठ काही बोलले नाहीत. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "दाखवा बत्तीसचा रॉड." सिस्टिम म्हणत होती 1,108 किलो. खाली रॅक रिकामा होता.

घोळ साधा होता. खरेदी किलोत, इश्यू (म्हणजे स्टोअरमधून मशीनवर माल देणं) नगात. सहा मीटरचे तीस रॉड, 1,138 किलो आले. तीसही मशीनवर गेले, तेव्हा अण्णांनी 30 टाकले आणि सिस्टिमने तीस किलो वजा केले. कुठलं युनिट ठेवायचं यावर परचेस आणि प्रॉडक्शन दोघं अडून बसले होते, माझा मेल दोन महिने तसाच पडून.

शेठनी दोघांना वर बोलावलं. "मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, स्टील रॉडचं एका मीटरचं वजन किलोत निघालं. शाळेतल्या पोराला येतं हे. इश्यू नगातच होईल, किलो सिस्टिम काढेल. झालं?" पाच मिनिटं लागली असतील. मग शेठ स्वतः स्टोअरमध्ये उतरले आणि खुर्ची ओढून बसले. संध्याकाळपर्यंत आम्ही रॅक मोजत होतो, ते वहीतून आकडे वाचत होते, अण्णा एका बोटाने टाइप करत होते. चुकलं की शेठच आधी हसायचे.

"उद्यापासून मी फोन करणार नाही," जाताना ते म्हणाले. "स्क्रीनवर दिसेल तेच खरं."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला अण्णांचा फोन एकदा वाजला आणि लगेच कट झाला. शेठचाच होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा लावला आणि सकाळी आलेल्या गाडीची एंट्री करायला घेतली.