गरोदरपणातला मधुमेह आणि आमच्या घरातले ताट

गरोदर बाईला मधुमेह निघाला की घरातल्या बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "असे काय गोड खाल्लेस?" माझ्या बाबतीतही तेच झाले. सहावा महिना सरत आला होता, सोनोग्राफी व्यवस्थित होती, वजनही बेताचेच वाढले होते, आणि साखरेच्या चाचणीचा आकडा मात्र १६८ आला. विचारणाऱ्यांच्या मनात काळजीच होती, हे मला कळत होते; तरीही त्या एका प्रश्नाने बाईला अपराधी वाटू लागते, आणि मग ती आपल्याच ताटाकडे धास्तावून पाहू लागते. ज्या महिन्यांत तिला सर्वांत जास्त आधाराची गरज असते, नेमके तेव्हा असे व्हावे, हे मला फार लागते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गरोदर स्त्रीची ही चाचणी पहिल्या तपासणीच्या वेळी आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात, त्यासाठी उपाशी असण्याची अट नसते, आणि दोन तासांनी घेतलेल्या रक्तात दर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर निघाली तर मधुमेहाचे निदान करतात. पहिली चाचणी चांगली आली तरी दुसरी करावी लागते, कारण खरी अडचण वार (प्लासेंटा) मोठी होऊ लागल्यावर सुरू होते. बाळापर्यंत साखर सतत पोहोचत राहावी म्हणून वारेतून स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. हे प्रत्येक गरोदरपणात घडते. बहुतेकींचे स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन तयार करून वेळ निभावून नेते आणि काहींचे तेवढे करू शकत नाही. त्या 'काहीं'मध्ये आपण असणे हे चार पेढे जास्त खाल्ल्याने ठरत नाही.

"पण तू तर एवढी बारीक," हे दुसरे वाक्य. त्याचे उत्तर मला पुण्यातच झालेल्या एका संशोधनात मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला आहे. त्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरेच कमी होते. पण हाडामांसाने लहान असलेल्या या बाळांच्या अंगावर चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांमध्ये मधुमेह इतका का आढळतो, याचा एक धागा थेट गर्भापर्यंत जातो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, हा दुसरा धागा. यातले काहीच माझ्या हातात नव्हते. माझ्या हातात होते ते पुढचे तीन महिने.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की उपाशी राहायचे नाही आणि पोळी-भात एकदम बंद करायचा नाही. गरोदरपणात पिष्टमय पदार्थ फारच तोडले तर शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, वाढतात. उपाशीपोटी साखर ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली हे उद्दिष्ट त्यांनी आखून दिले, आणि ग्लुकोमीटर घेऊन आम्ही घरी आलो. बोटाच्या मधोमध टोचले तर दिवसभर ठणकते, कडेला टोचले तर फारसे जाणवत नाही, ही युक्ती परिचारिकेने दाखवली. बोटाच्या टोकावर रक्ताचा टपोरा थेंब जमेपर्यंत थांबायचे, स्ट्रिपची कड त्याला नुसती टेकवायची आणि स्ट्रिप आपसूक थेंब ओढून घेईपर्यंत हात स्थिर ठेवायचा. रात्री हात धुऊन टेबलाशी बसले की सासूबाई चष्मा लावून आकडा वाचायला शेजारी येऊन बसत.

वहीत आकडे जमू लागले तसे आमचे स्वयंपाकघर मला नव्याने कळले. सर्वांत कठीण निघाली ती सकाळ. पहाटेच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव सकाळी आणखी कमी असतो, त्यामुळे जे पोहे संध्याकाळी चालत होते तेच सकाळी खाल्ले की आकडा १६० च्या पुढे जाई. अर्धी बशी पोहे, त्यात मूठभर शेंगदाणे आणि मटार, सोबत वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ, असे केल्यावर तोच आकडा १२० च्या खाली आला. साबुदाण्याची खिचडी पूर्ण बाद झाली. नाचणी मधुमेहाला चांगली असे सगळेच सांगतात, पण दळून, शिजवून केलेली पातळ आंबील माझी साखर झपाट्याने वाढवी, आणि त्याच नाचणीची भाकरी पिठले नि मेथीच्या भाजीबरोबर खाल्ली तर तसे होत नसे. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, शेवटी दोन घास ताकभात, हा क्रम मला चांगलाच मानवला. चिकू आणि केळी मागे पडली, पेरू राहिला. जेवल्यावर गच्चीत पंधरा मिनिटे चालणे हे तर मी औषधाइतकेच महत्त्वाचे मानते. अर्थात हे माझे आकडे आहेत. प्रत्येकीने आपले ताट आपल्या मीटरवर पडताळून घ्यावे आणि डॉक्टरांशी बोलावे.

डोहाळजेवणाचा प्रश्न मात्र मला हळवा करून गेला. "दोन जिवांची आहेस, पोटभर खा," ही आमच्याकडची माया करण्याची रीत, आणि पाच प्रकारचे भात, पुरणपोळी, झाकल्या वाट्यांतले पेढा-बर्फी हे सगळे त्या मायेतूनच येते. सासूबाईंनी कार्यक्रम रद्द केला नाही. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी सगळे यथासांग केले, माझ्या ताटात प्रत्येक भाताचा एकेक घास, भरपूर कोशिंबीर आणि वाटाण्याची उसळ वाढली, आणि आग्रह करणाऱ्या प्रत्येक आत्याबाईंना त्यांनीच पुढे होऊन सांगितले, "तिला डॉक्टरांनी असेच सांगितले आहे." ते वाक्य मला स्वतःला म्हणावे लागले नाही, याचे मोल मी विसरणार नाही.

एवढे करूनही उपाशीपोटीचा आकडा शंभराच्या खाली येईना, तेव्हा रात्री इन्सुलिन सुरू झाले. घरात सगळे हबकले. एकदा सुई लागली की ती जन्माची, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. वास्तविक इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. ओलांडते ती आईच्या रक्तातली जास्तीची साखर. ती आली की बाळाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन वाढवते, बाळाच्या अंगावर चरबी चढते, आणि नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबूनही ते इन्सुलिन तसेच राहिल्याने बाळाची साखर एकदम उतरू शकते. हे समजल्यावर रात्रीची ती बारीक सुई टोचून घेणे मला जड गेले नाही.

मुलगी झाली. तासाभरात तिला अंगावर पाजले आणि टाचेला टोचून तिची साखर तपासली, ती ठीक निघाली. वार पडल्यावर माझीही साखर उतरली आणि इन्सुलिन त्याच दिवशी बंद झाले.

इथून पुढची काळजी मात्र घराघरांत सुटून जाते. साखर उतरली, आता बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, भरपूर साजूक तूप, असे सगळ्यांना वाटते, आणि आजार संपला असे समजून फाइल कपाटात जाते. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा किमान सातपट असतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी, आणि ती चांगली आली तरी पुढे नियमित तपासणी आवश्यक आहे. तान्हे मूल घेऊन दवाखान्यात दोन तास बसणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. आमच्या डॉक्टरांनी त्यावर एक साधी तोड सांगितली. बाळाच्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यातच असतो. त्याच दिवशी, त्याच खेपेत आईची चाचणी उरकावी, आणि त्या दोन तासांत बाळाला सांभाळायला घरातले कोणीतरी बरोबर यावे. माझ्याबरोबर सासूबाई आल्या. डॉक्टर ही चाचणी लिहून द्यायला विसरले, तर आपण होऊन मागून घ्यावी.