काकूंनी सांगितलेला भाग

शनिवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. लिहूनच टाकते, नाहीतर सकाळपर्यंत अर्धं निसटून जाईल.

आज ताईकडे आईची पंचाहत्तरी झाली. ७५ दिव्यांनी ओवाळताना आई लहान मुलीसारखी लाजत होती. जेवणं आटोपल्यावर पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत लवंडली आणि आम्ही आतल्या खोलीत सतरंजीवर. आई, मावशी, ताई, वहिनी, मी. बडीशेपेची वाटी फिरत होती. मावशीचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि ती सहज म्हणाली, "पूर्वी या वेळेला आपण 'शांती' बघत असायचो गं."

झालं. कुणाचाच डोळा लागला नाही मग.

'शांती' आली १९९४ मध्ये. रोज, सोमवार ते शुक्रवार, दूरदर्शनवर, भर दुपारी. त्याआधी रोजची मालिका हा प्रकारच आपल्याकडे नव्हता. आठवड्यातून एक-दोनदा काय ते बघायचं आणि मधले दिवस वाट बघायची. मावशी सांगत होती, तिच्या घरी सासूबाई दुपारी दीड तास झोपायच्या, तेवढाच वेळ तिचा. आवाज इतका बारीक ठेवायची की मंदिरा बेदीच्या ओठांवरूनच अर्धं समजून घ्यायचं. ती कुरळ्या केसांची मुलगी पत्रकार म्हणून, चरित्र लिहायच्या निमित्ताने, सिनेमातल्या दोन बड्या लोकांच्या बंगल्यात शिरते आणि तिथून हलायलाच तयार होत नाही. तिच्या आईवर झालेल्या अत्याचाराचा जाब तिला विचारायचा असतो. हे सगळं मावशीच्या घरी, सासूबाई पलीकडच्या खोलीत घोरत असताना! मावशी म्हणाली, "बलात्कार हा शब्द मी कधी तोंडातून काढला नव्हता. तिचं ऐकून मनातल्या मनात म्हणायला लागले."

मी यावर बराच विचार करतेय. पुढे आपल्याकडे मराठीत 'दामिनी' आली, मराठीतली पहिली रोजची मालिका, तीही दुपारची. प्रतीक्षा लोणकर दामिनी झाली होती आणि दामिनीसुद्धा पत्रकारच! ज्या वेळेला बायका भांडी आवरून जरा टेकतात, त्या वेळेला त्यांच्यासमोर खांद्याला पिशवी अडकवून बाहेर पडणारी, भल्याभल्यांना प्रश्न विचारणारी बाई आणून उभी केली होती. नंतरच्या मालिकांत बायका पुन्हा दागिने घालून स्वयंपाकघराच्या दारात कान लावून उभ्या राहिल्या, याचं मला अजून वाईट वाटतं. ताईला नाही पटलं. तिची लाडकी 'कुमकुम', २००२ ची, जुही परमारची. "अगं, त्यात विधवेचं लग्न दिराशी लावलं होतं, तेही काही कमी नाही," म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण मी माझ्या मतावर ठाम आहे.

मग गाडी आली 'स्वाभिमान'वर. १९९५. महेश भट्ट यांची मालिका, लेखन शोभा डे आणि विनोद रंगनाथन यांचं. इथे वहिनीचा अधिकार मोठा, कारण त्या वर्षी तिला कावीळ झाली होती आणि ती महिनोन्‌महिने घरात पडून होती. एकही भाग चुकवला नाही असं ती शपथेवर सांगते. तिला रोहित रॉयचा ऋषभ मल्होत्रा आवडायचा, पण जीव जडला होता सुनीलवर. तो मनोज बाजपेयी. पुढे 'सत्या' सिनेमात भिकू म्हात्रे म्हणून सगळ्या देशाला तो दिसला, तेव्हा वहिनी थिएटरमध्ये मोठ्याने म्हणाली होती, "अहो, हा तर आपला सुनील!" आशुतोष राणाचा त्यागी आठवला की तिच्या अंगावर अजून काटा येतो.

आणि किटू गिडवानीची स्वेतलाना. केशव मल्होत्रा नावाचा मोठा उद्योगपती वारलेला, ही त्याची लग्नाची बायको नव्हे. तो गेल्यावर हिचं काय, यावरच सगळा डोलारा उभा.

मी म्हटलं, मला त्यातला एक प्रसंग अगदी जसाच्या तसा आठवतो. अंत्यविधीनंतरचं घर. माणसांनी भरलेलं. स्वेतलाना दाराशी उभी. आत यायला कुणी सांगत नाही, जा असंही कुणी म्हणत नाही. तिने साधी निळी साडी नेसली आहे, कारण पांढरी नेसायचा तिला हक्क नाही. उन्हात उभं राहून तिचे ओठ सुकलेत. मग घरातून एक बाई उठते, तांब्याभांडं घेऊन दाराशी जाते आणि तिला पाणी देते. दोघी एकमेकींकडे बघतात. बोलत काहीच नाहीत.

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "असं काही नव्हतं गं त्यात. मल्होत्रांच्या घरी तांब्याभांडं कुठून येईल?"

मी हट्टाने म्हटलं, असणारच. निळी साडी मला डोळ्यांसमोर दिसतेय. तर ताई म्हणाली, "तू बघितलंस कधी? तुझी शाळा साडेपाचला सुटायची."

खरंच की. 'स्वाभिमान' लागायची तेव्हा मी वर्गात असायचे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत जे काही भाग पाहिले असतील तेवढेच. आईही बघायची नाही, तिची शाळा दुपारची. घरात आमच्याकडे टीव्हीच नव्हता. टीव्ही होता वाड्यात पलीकडच्या दोन खोल्यांत, काकूंकडे. नात्यातल्या नव्हेत, पण सख्ख्यांहून सख्ख्या. आई शाळेतून आली, चहाचं आधण ठेवलं, की काकू तांदळाचं सूप घेऊन आमच्या उंबऱ्यात येऊन बसायच्या आणि त्या दिवसाचा भाग सांगायच्या.

काय सांगायच्या! आईसाठी सांगायच्या खरं, पण मी गृहपाठाची वही उघडी टाकून सगळं कानांनी पीत असायचे. उजव्या हाताची बोटं तांदळात चालूच. खडा सापडला की बोलणं थांबायचं, खडा उंबऱ्याबाहेर टाकायच्या, पुढचं वाक्य मग वेगळ्या आवाजात. ऋषभचा आवाज निराळा, नोकराचा निराळा. स्वेतलाना बोलायची असेल तेव्हा मात्र त्या आवाज बदलायच्या नाहीत, आपल्याच आवाजात बोलायच्या. सूप मांडीवर ठेवून पाठ ताठ करायच्या आणि चष्मा काढायच्या. नेमका चहा उतू जायचा आणि आई म्हणायची, "थांबा काकू, तेवढंच राहू द्या, मी आले." 'हमलोग'मध्ये शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगायचे ना, तसं काकूही जाताना काहीतरी सांगून जायच्या. "पुरुष गेला की बाईला तिचं नाव कळतं," असं एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा काही कळलं नव्हतं, पण वाक्य राहिलं.

म्हणजे माझ्या डोक्यात जी मालिका आहे ती काकूंच्या तोंडची आहे. मंदिरा बेदीचा चेहरा मला फोटोंमुळे आठवतो, पण शांती बोलायला लागली की आवाज काकूंचा येतो. हे आज, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आलं. म्हटलं, काकूंनी भर घातली असेल पदरची. तांब्याभांडं त्यांचंच.

सगळ्या हसल्या. आई नाही हसली.

ती बडीशेप निवडत बसली होती, उगाचच, दाणा दाणा बाजूला काढत. मग म्हणाली, "तुम्ही लहान होता. काका मुंबईला नोकरीला होते आणि वारले, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. त्यांचं तिकडे दुसरं घर होतं. बारा वर्षं."

कुणी काही बोललं नाही. बाहेरच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"ते गेले तेव्हा काकू रात्रीच्या एसटीने गेल्या," आई म्हणाली. "दिवस पार पडेपर्यंत तिथेच राहिल्या. परत आल्या त्या रात्री माझ्याकडे झोपल्या होत्या, तुम्ही दोघी आत निजलेल्या. मला म्हणाल्या, ती दाराशी उभी होती. दिरांनी तिला आत घेतलं नाही. बारा वर्षं त्याचं पथ्यपाणी तिने केलं आणि तिला कुणी पाणी विचारेना. मग मीच उठले."

वहिनीने विचारलं, "निळी साडी?"

"ते मला नाही माहीत," आई म्हणाली. "साडीचं मला नव्हत्या बोलल्या."