रविवर्म्यांची लक्ष्मी घरोघरी

राजा रविवर्म्यांचे मूळ तैलचित्र पाहायचे तर आजही एखाद्या संग्रहालयात जावे लागते. परंतु कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आपण लहानपणापासून देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर, दुकानाच्या गल्ल्यावर आणि कॅलेंडरच्या पानावर पाहत आलेलो असतो, आणि तिचे ते रूप मुळात कोणी रंगवले हे बहुतेकांना ठाऊकही नसते. चित्रकाराच्या वाट्याला येणारे याहून मोठे यश मला तरी माहीत नाही.

संस्थानिकांसाठी चित्रे काढणाऱ्या या कलावंताला, आपली चित्रे छापून ती सर्वांपर्यंत पोहोचवावीत असे त्रावणकोर आणि बडोदा संस्थानांचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनी सुचवले होते. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला, यंत्रे जर्मनीहून आणली आणि तिकडचे तंत्रज्ञही बोलावले. शिळाछापाचे हे काम अतिशय चिकाटीचे होते. चित्रातील प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड तयार करावा लागे, तेलकट शाईने त्यावर रेखाटन होई, आणि एकच कागद एकामागून एक त्या सर्व दगडांवरून जाई. एखादा रंग किंचित सरकला तरी देवीचा चेहरा बिघडे. काही वर्षांनी छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ तेथे काम केले होते.

मूळ चित्रातील त्वचेची कांती आणि वस्त्रांची तलम झळाळी छापील प्रतीत उतरत नाही, हा आक्षेप खरा आहे. तरीही मला त्या प्रती हलक्या वाटत नाहीत. अनेक घरांत या चित्रांवर कापडाचे तुकडे, जरतार आणि टिकल्या लावून देवीला खरोखरीची साडी नेसवली जाई, दागिने घातले जात. एखाद्या घरातल्या बाईने वेळ काढून, डोळे ताणून केलेले हे काम मला चित्राचेच पुढचे रंगकाम वाटते. अशी सजवलेली प्रत दिसली की मी तिच्यासमोर मूळ चित्राइतकाच रेंगाळतो. पुढे काड्यापेट्यांवर आणि साबणाच्या जाहिरातींवरही ही चित्रे आली, पण त्यात मला तेवढा रस नाही.

या प्रसाराचे सर्वांत मोठे मोल मात्र कलेच्या बाहेरचे आहे. ज्यांना देवळाचा उंबरा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांच्याही भिंतीवर हे चित्र लावता येत होते. त्याच्यासमोर दिवा लावायला ना पुजाऱ्याची परवानगी लागत होती, ना गाभारा. ऐपतीनुसार मिळणाऱ्या एका छापील कागदाने ही मोकळीक दिली, आणि रविवर्म्यांच्या कलेविषयी बोलताना आपण रेषा, रंग आणि पाश्चात्त्य तंत्र यांवर जितके बोलतो तितके यावर बोलत नाही, याची मला खंत वाटते.