नवापूरचे आठ सेकंद

“मास्क काढू नका, सर. पक्षी थोडा वर धरा, म्हणजे फ्रेममध्ये नीट येईल.”

२० फेब्रुवारी २००६, सोमवार. सकाळी अकराच्या सुमारास नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीच्या आवारात मी उभा होतो आणि तारेच्या कुंपणापलीकडून एका वृत्तवाहिनीचा कॅमेरामन मला हे सांगत होता. मी त्याचे ऐकले. पशुवैद्यक म्हणून तीस वर्षे शासकीय नोकरी केली, त्यात चुकलेली निदाने आहेत, उशिरा पोहोचल्यामुळे दगावलेली जनावरे आहेत; पण मेलेली कोंबडी पायाला धरून छातीपर्यंत उचलण्याची ती एक कृती माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

त्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, भोपाळच्या प्रयोगशाळेने नवापूरच्या नमुन्यांमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे निश्चित केले होते. भारतातला हा पहिलाच प्रादुर्भाव होता. नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला, गुजरातच्या हद्दीला अगदी खेटून असलेले नवापूर हे गाव तोवर बाहेरच्या लोकांना माहीत असलेच तर दोन राज्यांत विभागलेल्या रेल्वे स्थानकामुळे माहीत होते. तिथल्या पोल्ट्रींमध्ये आधीपासून मर सुरू होती आणि मालक तिला मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, समजत होते. मानमोडीतही पक्षी झपाट्याने मरतात, त्यामुळे हा समज अगदीच निराधार नव्हता. पण त्यात दिवस वाया गेले, हेही खरे आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येताच निरनिराळ्या जिल्ह्यांतून पशुवैद्यकांच्या तुकड्या बोलावण्यात आल्या. मी तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात पशुधन विकास अधिकारी होतो. रविवारी दुपारी आदेश मिळाला आणि मध्यरात्रीनंतर आमची जीप नवापुरात पोहोचली.

काम स्पष्ट होते. बाधित ठिकाणापासून ३ किलोमीटरच्या परिघातला प्रत्येक पक्षी मारायचा, खोल खड्ड्यात चुन्याच्या थरांमध्ये पुरायचा, अंडी आणि खाद्य नष्ट करायचे आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. आम्हाला टॅमीफ्लू या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या मिळाल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे पांढरे पोशाख मिळाले. गॉगल, दुहेरी हातमोजे, गमबूट आणि तोंडाला घट्ट बसणारा मास्क, असा तो सरंजाम होता. या पोशाखाचे कारण नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. बंद शेडमध्ये हजारो आजारी पक्षी पकडताना त्यांची पिसे, विष्ठा आणि धूळ नाकातोंडात जाते, आणि हा विषाणू माणसाला होण्याची खरी वाट तीच आहे. ताटातल्या शिजलेल्या कोंबडीचा त्या वाटेशी काहीही संबंध नाही. ७० अंश सेल्सिअसला सगळीकडून नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. म्हणजे तो पोशाख आमच्या कामासाठी होता, आजार किती पसरला आहे याचे ते मोजमाप नव्हते.

हेच मला कुंपणापलीकडे कॅमेरामनबरोबर आलेल्या वार्ताहराला सांगायचे होते आणि मी ते सांगितलेही. जवळपास चार मिनिटे मी बोललो. रोग एका तालुक्यातल्या ठरावीक ठिकाणी आढळला आहे, इतरत्र पाळतीवर लक्ष आहे, चांगली शिजवलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी खायला हरकत नाही, आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये, असे सारे मी क्रमाने सांगितले. कॅमेरामनच्या सांगण्यावरून मास्क तोंडावर होता आणि हातात तो पक्षी होता. वार्ताहर तरुण होता, नम्र होता आणि रात्रभर प्रवास करून आलेला होता. त्याने माझे आभार मानले आणि जाता जाता एवढेच म्हटले, “आवाज जरा घुमतोय, सर. पण बघू, काहीतरी करून घेऊ.”

दुपारी आमच्या तुकडीला परिघातल्या एका पाड्यावर घरोघरची गावठी कोंबडी गोळा करायला पाठवले. हे काम शेडमधल्या कामापेक्षा कितीतरी अवघड होते. शेडमधला पक्षी हा माल असतो, पाड्यावरची कोंबडी घरातली असते. तिच्यावर पाहुण्यांची सोय असते, नवस असतात, अडीअडचणीचा बाजार असतो. एका घरापुढे एक म्हातारी खुराड्याचे दार पाठीशी धरून उभी होती. तिच्या पाच कोंबड्या होत्या, पाचही चरत होत्या आणि एकीच्या मागे पिल्ले होती. आमच्याबरोबर आलेल्या स्थानिक कर्मचाऱ्याने तिच्या बोलीत तिला समजावले, त्यावर ती जे म्हणाली ते त्याने मला सांगितले. कोंबड्या आजारी असतील तर तुमचे तोंड बांधलेले का, आणि तोंड बांधण्याइतका आजार असेल तर आम्ही इथे उघड्या तोंडाने का उभे, असा तिचा प्रश्न होता. तिच्या घरात टीव्ही नव्हता. वर्तमानपत्र तिथवर येत नव्हते. तरी आमच्या पोशाखाने तिला जे सांगितले होते, ते खोडून काढायला माझ्याजवळची माहिती अपुरी पडत होती. मी मागे सरकलो, गॉगल आणि मास्क उतरवला, अंगणाबाहेर उभे राहून तिच्याशी बोललो. माझा चेहरा दिसल्यावर ती थोडी शांत झाली. पिल्ले तेवढी ठेवा, असे तिने विनवले आणि तेही मला मान्य करता आले नाही. नुकसानभरपाईच्या नोंदवहीत तिचा अंगठा घेतला, तेव्हा तिने वहीकडे पाहिलेसुद्धा नाही.

संध्याकाळी निर्जंतुकीकरण करून, अंघोळी करून आम्ही मुक्कामी आलो. मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या तेव्हा अजून सुरू व्हायच्या होत्या. खोलीतल्या टीव्हीवर हिंदी वाहिन्या लागत होत्या आणि प्रत्येकीवर नवापूर होते. तिसऱ्या की चौथ्या वाहिनीवर मला मी दिसलो. चेहरा दिसत नव्हता, पण डाव्या हातमोज्यावर मी चिकटवलेली पट्टी ओळखू आली. पांढरा पोशाख, गॉगल, मास्क आणि हातात लोंबणारी कोंबडी. माझा आवाज नव्हता. निवेदक बोलत होता, खाली लाल पट्टी सरकत होती आणि पार्श्वभूमीला दडपण आणणारे संगीत होते. चित्र पालटून खड्डा आला, जेसीबी आला, चुन्याची पोती आली, आणि पुन्हा मी. आमच्यातल्या एकाने घड्याळ लावले: मी आठ सेकंद दिसत होतो. रात्री अकरापर्यंत ते आठ सेकंद किती वेळा दाखवले गेले, याची मोजदाद आम्ही सोडून दिली.

त्या रात्री मला नेमके काय अस्वस्थ करत होते, हे कळायला वेळ लागला. वाहिनीने खोटे दाखवले असते तर रागावणे सोपे होते. पण त्यातले एकही चित्र खोटे नव्हते. मी तिथे होतो, पक्षी मेलेला होता, खड्डा खरा होता. रोग दडपून ठेवण्यापेक्षा तो जगापुढे येणे केव्हाही चांगले, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. तरी या खऱ्या चित्रांची बेरीज होऊन पाहणाऱ्याच्या मनात जे उमटत होते, ते खरे नव्हते. २००३ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ४९ कोटी कोंबड्या-बदके होती; त्यांपैकी रोग आढळला होता तो एका तालुक्यातल्या पक्ष्यांत. पण उरलेल्या निरोगी पक्ष्यांचे चित्र कोण आणि कशासाठी दाखवणार? निरोगी कोंबडी ही बातमी होत नाही. त्यामुळे पडद्यावर कोंबडी आली की ती मेलेलीच येत होती, आणि आठवडाभर हेच पाहिल्यावर कोंबडी या शब्दाबरोबर तेच चित्र डोळ्यांपुढे येणे अटळ होते.

घरी फोन केला तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, आईंनी फ्रिजमधली अंडी उकिरड्यावर टाकली. मी म्हटलं, यांना विचारू तरी. तर म्हणाल्या, त्याला काय विचारायचं, टीव्हीवर बघितलं ना त्याला.” माझी आई मला ओळखत होती, माझे काम तिला ठाऊक होते, मी फोनवर तिला दोनदा समजावले. तिने ऐकून घेतले आणि महिनाभर घरात अंडे येऊ दिले नाही.

दुसरा फोन आमच्या तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्याचा होता. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. त्यांच्या शेडमध्ये ४,००० ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेले पक्षी, होते आणि पक्षी विक्रीला आले होते. ब्रॉयलरचा हिशेब वेळेवर चालतो. सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरला की तो उचलला गेलाच पाहिजे, कारण त्यानंतर त्याचे खाणे वाढत जाते आणि त्या मानाने वजन वाढत नाही. ४,००० पक्षी दिवसाला ६०० किलोंहून जास्त खाद्य खातात. व्यापाऱ्याने गाडी पाठवायचे नाकारले होते. नाना म्हणाले, “डॉक्टर, पक्षी ठणठणीत आहेत, तुम्हीच परवा बघून गेलात. तेवढं एक पत्र द्या ना व्यापाऱ्याला.” मी म्हटले, परत आल्यावर देतो. मग थोडे थांबून ते म्हणाले, “आज तुम्हाला टीव्हीवर बघितलं. उभं राहण्यावरनं ओळखलं.”

रोज अंडी खा म्हणून सांगणारी जाहिरात ऐकत आमची पिढी मोठी झाली, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली आणि पुढची दोन दशके तिने दूरदर्शनवरून, भिंतींवरून, शाळांतून अंड्याला घराघरांत मान मिळवून दिला. माझ्या आईने साठीच्या उंबरठ्यावर अंडे शिजवायला सुरुवात केली, ती त्या जाहिरातीमुळे; आहारशास्त्रातले मुद्दे तिला कोणी सांगितले नव्हते. म्हणजे अंडे तिच्या स्वयंपाकघरात आले ते चित्र आणि सूर यांच्या बळावर आणि बाहेर गेले तेही चित्र आणि सूर यांच्याच बळावर. शास्त्र दोन्ही वेळा दाराबाहेर उभे होते. त्या आठवड्यात रेल्वेने गाड्यांमधल्या जेवणातून कोंबडी आणि अंडी काढली, तेव्हा तर घाबरलेल्या माणसाला सरकारी पुरावाच मिळाला. वर्तमानपत्रांत कोंबडी सुरक्षित असल्याच्या जाहिराती येऊ लागल्या. एका अंकात मी पाहिले, वरच्या अर्ध्या भागात पांढऱ्या पोशाखातल्या माणसांचे मोठे छायाचित्र होते आणि खालच्या अर्ध्या भागात बारीक अक्षरांत ७० अंशांचे स्पष्टीकरण होते. मजकूर निर्दोष होता. वाचकाची नजर कुठे थांबली असेल, हे सांगायला नको.

माणसांचे नमुनेही तपासले गेले. अफवा पुष्कळ उठल्या, पण २००६ मध्ये भारतात एकाही माणसाला बर्ड फ्लू झाल्याचे सिद्ध झाले नाही. ती बातमी मी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका स्तंभात वाचली.

नवापूरचे काम आटोपून आणि देखरेखीचे दिवस पुरे करून मी तालुक्याला परतलो, तेव्हा सगळ्यांत आधी नानांच्या शेडवर गेलो. पत्र लिहून नेले होते, शिक्क्यासह. शेड रिकामी होती. त्यांनी पक्षी मिळेल त्या भावाने दिले, उरलेले वाटून टाकले आणि खाद्याची उधारी अंगावर घेतली होती. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की त्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर चार मिनिटे बोललो होतो, खायला हरकत नाही असे स्पष्ट म्हटले होते, पण ते दाखवले गेले नाही. नानांनी चहा पुढे केला. त्यांच्या स्वरात राग नव्हता. “बोलला असाल हो, डॉक्टर,” ते म्हणाले. “ऐकू नाही आलं.”

पुढच्या काही महिन्यांत बाजार सावरला. नेत्यांनी कॅमेऱ्यांपुढे कोंबडी खाल्ली, ठिकठिकाणी चिकन महोत्सव भरले, आणि एका चित्राची जागा दुसऱ्या चित्राने घेतली. नानांनी मात्र पुन्हा पिल्ले टाकली नाहीत. शेडच्या जाळ्या काढून त्यांनी तिथे कांद्याची चाळ केली. २०२० च्या फेब्रुवारीत कोंबडीमुळे कोरोना होतो ही अफवा मोबाइलवरून पसरली, भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेले आणि शेतकऱ्यांनी जिवंत पक्षी पुरले किंवा फुकट वाटले, तेव्हा तर आमच्याकडचा एकही पक्षी आजारी नव्हता. माझ्या तालुक्यातल्या तरुण पोल्ट्रीवाल्यांना तेव्हा काय सांगावे, हे मला सुचत नव्हते.

२०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लू आढळला आणि सगळ्या जिल्ह्यांत तुकड्या तयार ठेवण्याचे आदेश आले. माझ्या निवृत्तीला वर्ष उरले होते. आमच्या तुकडीतल्या तरुण डॉक्टरांना पोशाख घालण्याचे आणि उतरवण्याचे प्रशिक्षण देताना मी एक पाठ जास्तीचा घेतला: कॅमेऱ्याशी बोलायचे तर आधी पोशाख उतरवायचा, हात धुवायचे, आवाराच्या बाहेर यायचे, चेहरा दिसला पाहिजे, हात रिकामे पाहिजेत आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य सर्वांत आधी बोलायचे. एका मुलीने विचारले, “सर, आणि त्यांनी तरीही लांबून खड्ड्याचंच शूटिंग केलं तर?”

मी तिला म्हटले, करतील. तरी तुम्ही मास्क काढून बोला.